पॉप-अप ब्लाइंडमधून हरणाची शिकार: तंबू लावला म्हणजे लपलो असं नसतं

आधीच सांगून टाकतो, हे सगळं अमेरिकेतल्या व्हाइटटेल म्हंजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल आहे, जिथे सीझन असतो, लायसन्स मिळतं, टॅग म्हंजे मारलेल्या हरणाला लावायची परवान्याची चिठ्ठी मिळते आणि तेवढीच हरणं मारायची असतात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तिकडे यातलं काही करायचं नाही, फार तर कॅमेरा घेऊन बसा, बसायची पद्धत तीच आहे.

ग्राउंड ब्लाइंड म्हंजे जमिनीवर उभा करायचा छोटा कापडी तंबू, चारी बाजूंना खिडक्या, आत खुर्ची टाकून तुम्ही. झाडावरच्या स्टँडवरून पडून दरवर्षी लोक हातपाय मोडून घेतात, ती भानगड इथे नाही. पाऊस आला तरी बसता येतं, लहान मुलाला सोबत घेता येतं, थोडी चुळबुळ चालून जाते. म्हणून नवीन माणूस हमखास इथूनच सुरुवात करतो आणि हमखास एकच चूक करतो. तंबू लावला म्हणजे आपण दिसेनासे झालो असं धरून चालतो.

मीही तेच केलं होतं. पहिल्या सीझनला आदल्या संध्याकाळी शेताच्या कडेला उघड्यावर ब्लाइंड ठोकला, चारी खिडक्या सताड उघडल्या, हवा खेळती राहील म्हणून, आणि आत फिकट राखाडी स्वेटशर्ट घालून बसलो. साधारण साठ यार्डांवर एक मादी झाडीतून बाहेर आली, दोन पावलं टाकली आणि थांबली. मान वर, कान पुढे, नजर थेट माझ्यावर. मग पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटला, धप्प. परत एकदा. डोकं खाली घालून चरायचं नाटक केलं आणि झटकन वर करून परत बघितलं, मी हललो का ते. मग नाकातून जोरात फुर्रकन आवाज काढला, पांढरी शेपटी झेंड्यासारखी वर गेली आणि तिच्यामागे जी तीन होती जी मला दिसलीसुद्धा नव्हती ती पण पळाली. मागच्या खिडकीतून उजेड येत होता, त्यामुळे तिच्या बाजूने मी पडद्यावरच्या सावलीसारखा स्पष्ट दिसत होतो. तेव्हा कळलं, कापड नुसतं भिंत आहे, तुम्हाला लपवतो तो आतला अंधार. बाकी जे काही खाली लिहितोय ते बरंचसं हा अंधार, वारा आणि हरणाची सवय या तिघांना सांभाळण्याबद्दलच आहे.

विकत घेताना दोन प्रकार दिसतील. एक हब वाला, ज्यात प्रत्येक भिंतीच्या आणि छताच्या मध्यभागी एक गोल जोड असतो, त्याचा पट्टा धरून बाहेर ओढला की भिंत खट्कन ताणली जाते. दुसरा स्प्रिंग स्टीलचा, जो पिशवीतून काढला की स्वतःच उघडतो आणि परत मिटताना मात्र घाम काढतो, आठच्या आकारात पिळून गोल करायचा असतो तो, घरी अंगणात दहा वेळा करून बघा नाहीतर अंधारात जंगलात त्याच्याशी कुस्ती खेळत बसाल. मी हब वाला घ्या म्हणेन, वाऱ्यात जास्त टिकतो आणि आत जागाही जास्त मिळते. वजन साधारण पंधरा ते पंचवीस पाउंड धरा. आणखी एक, कंपन्या जी रुंदी छापतात ती बऱ्याचदा फुगलेल्या भागात, म्हंजे हबपासून हबपर्यंत मोजलेली असते, जमिनीवर ती कमीच भरते. बो म्हंजे धनुष्य मारणार असाल तर उंचीकडे बघा, खुर्चीत बसून पूर्ण ताणल्यावर वरचा कॅम म्हंजे टोकाचं चाक छताला आणि मागचं कोपर भिंतीला लागता कामा नये. क्रॉसबो म्हंजे आडवं धनुष्य वापरणाऱ्यांनी रुंदी बघा, कारण बाण सुटताना लिंब म्हंजे धनुष्याचे दोन्ही हात बाहेरच्या बाजूला झटकतात, ते खिडकीच्या कडेला आपटले तर बाण कुठेही जाईल. आतलं कापड काळं असलंच पाहिजे, यावर तडजोड नाही.

नवीन ब्लाइंडला प्लास्टिकचा आणि कोटिंगचा उग्र वास असतो, आपल्यालाच येतो तर हरणाला किती येत असेल. आठ-दहा दिवस बाहेर उघड्यावर ठेवून द्या, उन्हावाऱ्यात. गॅरेजमध्ये गाडीच्या आणि पेट्रोलच्या शेजारी ठेवू नका.

आता जागा. लोक इथे सगळ्यात कमी वेळ घालवतात आणि ब्लाइंडच्या ब्रँडवर सगळ्यात जास्त. आधी हरणांची वाट शोधा, पायाखाली दबलेलं गवत, लेंड्या, झाडाच्या सालीवर शिंगं घासल्याच्या खुणा, जिथे झाडीतून शेतात किंवा ओकच्या फळांखाली यायची वाट आहे ती. बो असेल तर त्या वाटेपासून पंधरा ते वीस यार्ड, रायफल असेल तर आणखी लांब बसलात तरी चालतं, उलट बरंच. मग वारा. हरणाकडून तुमच्याकडे वाहणारा किंवा आडवा जाणारा पाहिजे, तुमच्या पाठीवरून हरणाकडे जाणारा असेल तर त्या दिवशी तिथे बसूच नका, घरी झोपा किंवा दुसरीकडे बसा. ब्लाइंड बंद आहे म्हणून वास बाहेर जात नाही असं काही जण छातीठोक सांगतात, थोडा कमी जातो इतकंच. म्हणूनच जमलं तर दोन वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी दोन जागा ठरवून ठेवा.

डोंगराळ भागात वारा पडलेला असला तरी हवा हलत असते. सकाळी ऊन लागून जमीन तापली की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली ओघळते, ओढ्याच्या घळीत पाण्यासारखी साचते. म्हंजे सकाळी सात वाजता बरोबर असलेली जागा नऊला चुकीची होऊ शकते. खिशात मिल्कवीड नावाच्या झुडपाच्या शेंगेतला कापूस किंवा पावडरची छोटी बाटली ठेवा, चिमूटभर सोडून बघत राहा कुठे जातंय ते. मी कापूस वापरतो कारण तो लांबपर्यंत तरंगताना दिसतो, पावडर दोन हातांवर विरून जाते.

सूर्याचा हिशोब लोक विसरतात. सकाळच्या बैठकीला पूर्वेकडे तोंड केलंत तर डोळ्यांवर ऊन, आणि तेच ऊन खिडकीतून आत येऊन तुमच्या तोंडावर टॉर्चसारखं पडणार, झाला अंधाराचा सत्यानाश. सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा, किंवा ब्लाइंड सावलीत लावा. आणि स्वतः यायची वाट अशी निवडा की ज्या वाटेनं हरणं येणार ती तुम्ही ओलांडत नाही, कारण बुटाचा वास तासन्‌तास राहतो.

लावायचा कधी? तुमच्या स्वतःच्या किंवा परवानगीच्या खासगी जागेवर असेल तर सीझनच्या दोन-तीन आठवडे आधी, शक्य असेल तर त्याच्याही आधी. टर्की पक्ष्याला काल नसलेला तंबू आज दिसला तरी फरक पडत नाही, तो शेजारून चरत जातो, हरणाचं तसं नाही. त्याला स्वतःच्या घराचा नकाशा पाठ असतो, नवीन डबा दिसला की थांबतंच. दोन-तीन आठवडे रोज बघून मग दुर्लक्ष करायला लागतं. तेवढा वेळ नसेल, पब्लिक लँडवर म्हंजे सरकारी जमिनीवर असाल जिथे बऱ्याच ठिकाणी रात्री ब्लाइंड सोडून जाता येत नाही, तर मग झाडीच्या आत घुसवून लावा, पडलेल्या झाडाला किंवा सीडरच्या झुडपाला पाठ लावून, उघड्यावर अजिबात नाही.

मग तो झाकायचा. आजूबाजूच्याच फांद्या, गवत, जे तिथे उगवतं तेच. पाइनच्या जंगलात मक्याची ताटं लावून ठेवली तर ती ओरडून सांगतात मी पाहुणा आहे म्हणून. सगळ्यात महत्त्वाचं म्हंजे छताची सरळ रेघ आणि चार कोपरे मोडायचे, जंगलात सरळ रेषा नसते. ब्लाइंडवर त्यासाठी लूप शिवलेले असतात, त्यात फांद्या खोचा, बुडाशी पालापाचोळा लोटा. खिडकीसमोर मात्र असं काही लटकवू नका जे वाऱ्यानं नेमकं बाणाच्या वाटेत येईल. चारी खुंटे आणि दोऱ्या नीट ठोका, रिकामा ब्लाइंड वाऱ्यात पतंग होतो. एकदा तर सकाळी अंधारात पोचलो तर ब्लाइंडच नाही, चुकीच्या ठिकाणी आलो असं वाटून वीस मिनिटं गोल फिरलो, उजाडल्यावर दिसला, कुंपणापलीकडे उलटा पडलेला. बर्फ पडणाऱ्या भागात छतावरचं बर्फ झाडत राहा, नाहीतर ब्लाइंडच्या आतल्या काड्या मोडतात.

आत शिरल्यावर आधी जमीन साफ करा. पानं, काटक्या, सगळं पायानं बाजूला सारून उघडी माती दिसेपर्यंत, कारण ब्लाइंडमध्ये तुमची हालचाल झाकली जाते, आवाज झाकला जात नाही, उलट शांत सकाळी बुटाखाली एक सुकं पान चुरलं तरी वीस यार्डांवर पोचतं. खुर्ची फिरणारी घ्या, बो असेल तर हात नसलेली, आणि खरेदी करण्याआधी पाच मिनिटं त्यावर डोलून बघा करकरते का ते. स्वस्तातली तीन पायांची घडीची स्टुलं मऊ मातीत रुततात आणि तासाभरात कंबर धरते.

खिडक्या. मारायला जेवढी लागते तेवढीच, समोरची एक आणि फार तर बाजूला एक बारीक फट. मागच्या भिंतीची एकही खिडकी उघडायची नाही, बंद म्हंजे पूर्ण बंद, चेनमधून उजेड झिरपत असेल तर काळी चिकटपट्टी लावा. खात्री करायची सोपी पद्धत, सोबतच्या माणसाला आत बसवा, हात हलवायला सांगा, आणि तुम्ही तीस यार्डांवर हरणाच्या उंचीवर म्हंजे गुडघ्यावर बसून बघा. दिसतोय का? दिसत असेल तर अजून बंद करा. खिडकीला चिकटून बसू नका, मागे सरका, मागच्या भिंतीच्या जवळ जिथे सगळ्यात काळोख आहे. कपडे काळे किंवा गडद, वर काळे हातमोजे आणि तोंडाला काळा मास्क, कारण अंधारात दिसतात ते फक्त हात आणि चेहरा. पानाफांद्यांच्या नक्षीचा महागडा कॅमो इथे काही कामाचा नाही. हरणाला लाल आणि केशरी नीट वेगळे कळत नाहीत, पण निळा आपल्यापेक्षा चांगला दिसतो, त्यामुळे निळी जीन्स घालू नका आणि कपडे चमक आणणाऱ्या डिटर्जंटमध्ये धुऊ नका, त्यातली चमक नेमकी निळ्या बाजूची असते. फोनचा उजेडही तोच, ब्राइटनेस शून्यावर.

जाळीच्या खिडक्यांमधून आरपार मारता येतं असं लिहिलेलं असतं, ते फक्त फिक्स्ड ब्लेडच्या म्हंजे न हलणारी पाती असलेल्या बाणाच्या टोकांसाठी धरा. उघडणारी मेकॅनिकल पाती जाळीला लागूनच उघडतात आणि बाण भरकटतो. माझं मत विचाराल तर मारायच्या खिडकीवर जाळी नकोच.

आता एक गोष्ट जी मला पुस्तकी वाटायची आणि मग एक चांगला बक म्हंजे नर घालवून शिकलो. बोची साइट, म्हंजे नेम धरायच्या पिना असलेलं साधन, बाणाच्या काही इंच वर असते, रायफलचा स्कोपही नळीच्या वर असतो. म्हंजे पिनमधून तुम्हाला हरीण स्वच्छ दिसतंय, पण बाण ज्या रेषेत निघणार ती खिडकीच्या खालच्या कडेत घुसतीये. माझा बाण कापड फाडून बाहेर पडला आणि दहा फुटांवर मातीत गेला, बक दोन उड्या मारून थांबला, मागे वळून बघितलं आणि आरामात चालत गेला. म्हणून घरी ब्लाइंड लावून, त्याच खुर्चीत बसून, त्याच जाड जॅकेटमध्ये सराव करा. उभं राहून शंभर बाण मारलेत याला इथे अर्थ नाही. प्रत्यक्ष जागेवर बसल्याबसल्या आधी रेंजफाइंडर म्हंजे अंतर मोजायच्या यंत्रानं चार-पाच झाडं, दगड मोजून ठेवा, हरीण आल्यावर मोजायला वेळ नसतो.

नियमांचं थोडक्यात. प्रत्येक राज्याचं वेगळं पुस्तक असतं, दरवर्षी नवीन, ते वाचाच. हंटर एज्युकेशनचा कोर्स बहुतेकांना करावाच लागतो, उदाहरणार्थ विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना. अनेक राज्यांत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच मारता येतं. बंदुकीच्या सीझनमध्ये तुमच्या अंगावर भडक केशरी तर लागतंच पण काही राज्यांत ब्लाइंडवरही लागतं, विस्कॉन्सिनच्या सरकारी जमिनीवर कमीत कमी 144 चौरस इंच, सगळीकडून दिसेल असं. कायद्यात नसेल तरी लावा. चांगला झाकलेला ब्लाइंड दुसऱ्या शिकाऱ्यालाही दिसत नाही, आणि गोळी आडवी येते. एच-1बीसारख्या व्हिसावर असलेल्यांसाठी खास, फेडरल कायद्यानुसार एरवी बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत, वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे, तरी आधी वकिलाला विचारा, इथे चूक झाली तर दंडावर भागत नाही.

आडव्या गोळीवरून आठवलं, हा ब्लाइंडमधला खरा धोका आहे. झाडावरून मारलं की हरणाच्या मागे जमीन असते, ब्लाइंडमधून गोळी जमिनीला समांतर जाते आणि चुकली किंवा आरपार गेली तर पुढे काय आहे ते तुमच्या जबाबदारीवर. मागे उतार, टेकाड, मातीचा बांध असेल तरच रायफल चालवा. मारताना नळीचं तोंड खिडकीच्या बाहेर ठेवा, कापडाला न टेकवता, आणि कानाला प्रोटेक्शन लावा, बंद जागेत आवाज डोकं सुन्न करतो.

थंडीत आत गॅसचा हीटर लावायची पद्धत आहे. लावायचाच असेल तर वरची झडप उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि कापडापासून लांब ठेवा. मी लावत नाही, चांगले बूट आणि थर्मासमधला चहा पुरतो.

बसल्यावर कानावर जास्त विसंबा, कारण ब्लाइंडमधून चौकोनाएवढंच जग दिसतं. खार पळते ती धावपळ करत, थांबत, परत धावपळ करत. हरणाची पावलं संथ, मोजून टाकल्यासारखी, मध्येच लांब शांतता. आवाज आला की मान हळू फिरवा आणि हत्यार आधी मांडीवरून उचलून ठेवा. बो ताणायची वेळ म्हंजे त्याचं डोकं झाडामागे गेलं किंवा त्यानं तोंड फिरवलं ती.

हरीण पूर्ण आडवं उभं असेल किंवा किंचित तुमच्यापासून पलीकडे तिरकं, तेव्हाच मारा. पुढच्या पायाच्या लगेच मागे, पोटाच्या रेषेपासून साधारण एक तृतीयांश वर, तिथे फुप्फुसं आणि हृदय. समोरून तुमच्याकडे तोंड करून उभं असेल तर बो खाली ठेवा, कितीही मोठी शिंगं असोत. पलीकडे तिरकं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाचा अंदाज घेऊन नेम धरा, बाण मागून पुढे जातो.

मारल्यावर लगेच उडी मारून बाहेर पडू नका. शेवटचं कुठे दिसलं ते झाड डोक्यात पक्कं करा, ब्लाइंडमधून बाहेर आलात की सगळं वेगळं दिसतं, म्हणून बसल्या जागेवरून फोनमध्ये फोटो काढून ठेवा. गुलाबी फेसाळ रक्त म्हंजे फुप्फुस, अर्धा तास थांबून निघा. काळपट लाल म्हंजे बहुधा लिव्हर, चारेक तास थांबा. बाणावर हिरवट घाण आणि वास असेल तर पोटात लागलंय, आठ-दहा तास किंवा रात्रभर थांबावं लागतं, घाईनं मागे लागलात तर ते उठून मैलभर जाईल आणि सापडणार नाही. सापडलं की आधी टॅग, मग आतडी काढणं, मांस गार करणं. तुमच्या भागात सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदूचा रोग असेल तर सँपल तपासायला द्या, पॉझिटिव्ह आलं तर मांस खायचं नाही, आणि अशा भागातून मुंडकं-कणा बाहेर न्यायला बऱ्याचदा बंदी असते ती बघा.

सीझन संपला की ब्लाइंड तिथेच सोडू नका, ऊन कापड खातं आणि उंदीर कोपऱ्यात घरटं करून खिडक्यांचे पट्टे कुरतडतात. काढायच्या आधी आत गांधीलमाशा बसल्यात का ते काठीनं आपटून बघा, आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड शोधा. ओला मिटलात तर पुढच्या वर्षी बुरशीचा वास काढण्यात महिना जाईल, तेव्हा आधी पूर्ण वाळवा, फाटलेली जागा शिवा, आणि ज्या पिशवीतून तो आला होता त्यात तो परत कधीच जात नाही, एक मोठी पिशवी घेऊन ठेवा.